घाण्याचे तेल

तेल लागत नाही असे घर नाही. फोडणीला तेल लागते. देवापुढच्या दिव्याला लागते. बाळाच्या अंगाला लागते. दिवाळीच्या अभ्यंगाला लागते. शिळ्या भाकरीबरोबर शेंगाचटणी घेतली, तर तिच्यावरही तेलाची धार लागते.

आमच्या होटगीच्या बाजूला मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषा चालतात. कानडीत तेलाला यण्णी म्हणतात. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमाराला, अडुसष्ट लिंगांना तेलाचे स्नान घालतात. त्या विधीचे नावच यण्णीमज्जन. तेलाला आपल्याकडे एवढा मान आहे.

पण आज घरातले तेल येते कुठून? बहुतेक घरी ते पाकिटातून येते. आपल्या रानात करडई पिकते. ती आपण बाजारात विकतो, आणि परदेशातून आलेले पाम तेल दुकानातून विकत आणतो. अलीकडे तालुक्याच्या ठिकाणी ‘लाकडी घाण्याचे तेल मिळेल’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. आमच्या रात्रीच्या वर्गात एका बाईंनी विचारले, “गुरुजी, हे तेल खरंच चांगलं असतं का? की नुसतं महाग?” प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आपण नीट समजून घेऊ.

आपल्या भागातील तेलबिया

सोलापूरचा भाग कमी पावसाचा. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. इथे पाऊस संपता संपता रब्बीची पेरणी होते. ज्वारीच्या बरोबरीने या जमिनीत करडई उत्तम येते. कानडीत तिला कुसुबी म्हणतात. करडईचे मूळ खोल जाते आणि खालची ओल शोधून पिते. वरून पाणी नसले तरी पीक तग धरते.

कोरडवाहू शेती कशी करावी याचा अभ्यास सोलापुरात १९३३ सालापासून होत आला आहे. आज तिथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. करडईचा ‘भीमा’ हा वाण याच केंद्राने दिला. नाव आपल्या भीमा नदीचेच.

करडईला काटे असतात. म्हणून जुने शेतकरी ज्वारीच्या कडेने तिच्या ओळी लावीत. जनावर आत शिरत नसे. काढणी पहाटे करीत, कारण दवाने काटे मऊ पडतात. काट्याला भिऊन आणि मजूर मिळेना म्हणून पुढे पुष्कळांनी करडई सोडली. आता बिनकाट्याचे वाण निघाले आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा ‘नारी-६’ हा तसाच वाण आहे. मळणी यंत्रेही आली आहेत.

करडईशिवाय भुईमूग, तीळ, जवस, कारळे आणि सूर्यफूल याही आपल्या ओळखीच्या तेलबिया आहेत. सगळ्या बियांत तेल सारखे नसते. शेंगदाण्यात आणि तिळात जवळजवळ निम्मे तेल असते. करडईचे टरफल जाड, त्यामुळे तिच्या शंभर किलो बियांत तीस किलोच्या आसपास तेल असते.

घाणा कसा चालतो

घाणा म्हणजे एक मोठे उखळ. त्यात एक जाड लाट तिरपी उभी असते. लाट फिरली की बी तिच्या आणि उखळाच्या मध्ये चिरडते आणि तेल सुटते. पूर्वी लाट बैल फिरवी. बैलाच्या डोळ्यांवर झापड असे. दिवसभर चालायचे आणि पोचायचे कुठेच नाही. म्हणूनच राबराब राबणाऱ्याला आपण ‘घाण्याचा बैल’ म्हणतो.

आता बैलाच्या जागी विजेची मोटर आली आहे. पण खरा घाणा अजूनही सावकाशच फिरतो. सावकाश फिरल्यामुळे घर्षण कमी होते. घर्षण कमी म्हणून उष्णता कमी. घाण्यातून नुकतेच पडलेले तेल बोटाला कोमट लागते, चटका बसत नाही. म्हणून अशा तेलाला ‘थंड दाबाचे’ किंवा ‘कच्च्या घाण्याचे’ तेल म्हणतात.

तेल निघाल्यावर दोन-तीन दिवस स्थिर ठेवतात. गाळ खाली बसतो. वरचे निवळ तेल कापडातून गाळून घेतात. एवढेच. उरलेला चोथा म्हणजे पेंड. ती जनावराच्या दावणीला जाते.

हा धंदा फार जुना. तुकाराम महाराजांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे तेलीच होते. कोकणात बेने इस्रायली लोक घाणा चालवीत. ते शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

गिरण्या आल्या आणि गावचे घाणे बसू लागले. तेव्हा महात्मा गांधींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा केल्या. तेल गावात निघावे, ताजे मिळावे आणि पेंडही गावातच राहावी, हा त्यामागचा विचार होता.

गिरणीचे तेल आणि रिफाइंड तेल

गिरणीत लोखंडी यंत्र असते. ते जोराने दाबते आणि लवकर फिरते. काही ठिकाणी बी आधी वाफेवर शिजवतात. तेल पुष्कळ निघते, पण चांगलेच तापते.

मोठे कारखाने याच्याही पुढे जातात. पेंडीत उरलेले तेल ते हेक्झेन नावाच्या द्रवात विरघळवून काढतात. मग तो द्रव तापवून उडवून लावतात. पेंडीत नावापुरतेच तेल राहते. हे कच्चे तेल खाण्याजोगे नसते. म्हणून ते शुद्ध करावे लागते. कॉस्टिक सोड्याने त्यातील आंबटपणा काढतात. विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतात. शेवटी दोनशे अंशांच्या वर तापवून, वाफ सोडून, वास काढतात. झाले रिफाइंड तेल. ना रंग, ना वास, ना चव.

रिफाइंड तेल म्हणजे विष, असे काही लोक सांगत फिरतात. ते खरे नाही. शुद्ध करताना तेलातील काही वाईट वस्तूही निघून जातात. असे तेल टिकते जास्त आणि तळणीत लवकर धुरावत नाही. पण त्याबरोबर बियांचा मूळचा गुणही थोडा कमी होतो. ई जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. बियाची चव तर सगळीच जाते.

घाण्याच्या तेलाचे खरे फायदे

पहिला फायदा चवीचा. करडईच्या तेलाला करडईचा वास असतो, शेंगतेलाला शेंगेचा. तेलाला स्वतःची चव असली की थोड्यात भागते. ठेच्यावर, चटणीवर, उकडलेल्या भाजीवर चमचाभर तेल पुरते.

दुसरा फायदा म्हणजे बियातील ई जीवनसत्त्व आणि इतर उपयोगी द्रव्ये त्यात जास्त राहतात. तिळाच्या तेलात तर अशी काही द्रव्ये आहेत की त्यांमुळे ते लवकर खवट होत नाही.

तिसरा फायदा म्हणजे काय खातो ते आपल्याला कळते. बी आपले, घाणा डोळ्यांसमोर. त्यात रसायन पडत नाही.

चौथा फायदा गावाचा. तेल घरात, पेंड गोठ्यात आणि मजुरीचा पैसा गावात राहतो.

आता जे फायदे नाहीत तेही ऐका. घाण्याचे तेल खाऊन माणूस बारीक होत नाही. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम तेलात पंचेचाळीस कॅलरी असतात. तेल घाण्याचे असो की रिफाइंड, आकडा तोच. ‘आमच्या तेलात कोलेस्टेरॉल नाही’ असे दुकानदार सांगतो. अहो, कोणत्याच बियांच्या तेलात ते नसल्यासारखेच असते! लोणी, तूप यांच्या जागी करडईसारखे तेल बेताने वापरले तर रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, हे खरे. पण तेल म्हणजे औषध नव्हे. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी बंद करून तेलावर भिस्त ठेवू नये.

बी खराब तर तेल खराब

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. रिफाइंड तेलात बियाचे पुष्कळसे दोष कारखान्यात काढले जातात. घाण्यात दोष काढायला कोणीच नसते. जसे बी तसे तेल.

शेंगा ओल्या राहिल्या, पोत्यात दमट पडल्या, की दाण्यांना बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही, उकळून जात नाही. ते वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होण्याची भीती असते. बुरशीच्या पेंडीतून ते जनावराच्या पोटात जाते आणि दुधातही उतरते. म्हणून काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचे आणि कडवट दाणे निवडून फेकून द्या. ‘तेलच तर काढायचं, चालतंय की’ असे म्हणू नका. शेंगा चांगल्या कडक वाळवा. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

दुसरी भीती भेसळीची. दिल्लीत १९९८ साली मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. लोकांचे पाय सुजले, दम लागू लागला. साठांहून जास्त माणसे दगावली. पिवळा धोत्रा आपल्याही बांधावर उगवतो. म्हणून बी स्वच्छ चाळून-निवडून घाण्याला न्यावे.

पाटीवर ‘लाकडी घाणा’ लिहिले म्हणजे आत घाणा असतोच असे नाही. घाणा बघायला मागा. शक्य तर आपलेच बी न्या आणि तेल निघेपर्यंत तिथे थांबा. उखळ आणि डबे धुतलेले आहेत का, तेही बघा. सुटे तेल दुकानात विकायला कायद्याने बंदी आहे. तेल सीलबंद आणि लेबल लावलेलेच घ्यावे. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

कोणते तेल कशाला

करडईचे तेल रोजच्या भाजी-आमटीला, फोडणीला आणि चटणीला चांगले. पण ते फार तापवू नये. त्याच त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळणे तर मुळीच करू नये.

शेंगतेल आणि तिळाचे तेल जास्त आच सोसते. सणाला तळण करायचे तर शेंगतेल वापरा. कढईत थोडेच ओता. तळून उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवा. काळे पडलेले, चिकट झालेले, फेस धरणारे तेल फेकून द्या. ते पैसे वाचवीत नाही, दुखणे आणते.

जवसाचे तेल तापवूच नये. ते लवकर खवट होते. थोडेसे काढून वरून घ्यावे. त्यापेक्षा जवसाची चटणी बरी.

तिळाचे तेल अभ्यंगाला चांगले. बाळाला हलक्या हाताने तेल लावावे, पण नाकाकानात घालू नये. आजीबाई रागावल्या तरी चालेल.

एकच तेल बारा महिने खाण्यापेक्षा दोन-तीन तेले आलटून पालटून वापरावीत. प्रत्येकाचा गुण वेगळा असतो.

तेल ठेवायचे कसे? स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा गडद रंगाच्या बाटलीत. चुलीजवळ नको, उन्हात नको. जुन्या तेलावर नवे ओतू नये. आधी डबा रिकामा करा, धुवा, कोरडा करा. पाण्याचा थेंबही तेल बिघडवतो.

पाकीट वाचायला शिका

तुम्ही आता अक्षरे लावून वाचता. मग तेलाचे पाकीट घ्यायच्या आधी वाचा. लेबल इंग्रजीत असेल तर शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून वाचून घ्या.

पहिले, नाव वाचा. पुढे सूर्यफुलाचे मोठे चित्र असते आणि मागे बारीक अक्षरात ‘मिश्र खाद्य तेल’ म्हणजे ब्लेंडेड ऑइल लिहिलेले असते. त्यात कोणती तेले किती टक्के आहेत ते बघा. पामोलीन लिहिले असेल तर ते पाम तेल आहे.

दुसरे, वजन वाचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. काही पाकिटे लिटरएवढीच दिसतात, पण आत ८५० किंवा ८०० ग्रॅमच असते. पाकीट स्वस्त वाटले तर आधी ग्रॅम बघा.

तिसरे, तारीख आणि चौदा आकडी परवाना क्रमांक बघा.

आता हिशेब करू या

“गुरुजी, चांगलं आहे हे पटलं, पण परवडत नाही.” वर्गात हेच सगळे म्हणतात. बरोबर आहे. घाण्याचे तेल महागच असते. त्याचे कारण सोपे आहे. शंभर किलो शेंगदाण्यात ४८ किलो तेल आहे असे धरा. कारखाना त्यातले जवळजवळ सगळे काढतो. घाण्यात चाळीसच्या आसपास निघते, बाकीचे पेंडीत राहते. वेळही जास्त लागतो.

पण विकत घेणाऱ्याचा हिशेब वेगळा आणि पिकवणाऱ्याचा वेगळा. पाटी-पेन्सिल घ्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सांगण्याप्रमाणे बैठे काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरे. आपण २५ ग्रॅम धरू. घरात माणसे पाच.

२५ ग्रॅम गुणिले ५ माणसे म्हणजे दिवसाला १२५ ग्रॅम.

१२५ गुणिले ३० दिवस म्हणजे ३,७५० ग्रॅम, महिन्याला पावणेचार किलो.

पावणेचार गुणिले १२ महिने म्हणजे वर्षाला ४५ किलो तेल.

चार किलो करडईला एक किलो तेल निघते असे धरा. मग ४५ किलो तेलाला १८० किलो करडई लागेल. म्हणजे दोन क्विंटलही नाही.

कोरडवाहू काळ्या रानात, चांगली ओल असेल तर, एकरी चार क्विंटल करडई धरायला हरकत नाही. म्हणजे अर्धा एकर करडई केली की पाच माणसांच्या घराचे वर्षाचे तेल निघाले. घाण्याची मजुरी द्यावी लागेल, पण त्याबदल्यात सव्वाशे किलोच्या आसपास पेंड मिळेल. शिवाय कोवळ्या करडईची भाजी खायला मिळेल ती वेगळीच.

सगळे तेल एकदम काढू नका. बी चांगले वाळलेले असले की तेलापेक्षा जास्त टिकते. करडई कोठीत ठेवा आणि दर दोन महिन्यांनी तीस किलो घाण्याला न्या. ताजे तेल मिळेल. ज्यांना रान नाही, त्यांनी दोन-चार घरे मिळून शेतकऱ्याकडून एखादे पोते करडई घ्यावी आणि तेल वाटून घ्यावे. बचत गटातील भगिनींना हे सहज जमेल.

तेही जमत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. पाकिटातले साधे तेल बेताने खाणारा माणूस, घाण्याचे तेल वाटीवाटीने ओतणाऱ्यापेक्षा शहाणा.

हा प्रश्न एका घराचा नाही

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते. पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियाकडून, सूर्यफुलाचे तेल पुष्कळसे रशिया आणि युक्रेनकडून. २०२२ साली फेब्रुवारीत रशिया-युक्रेन युद्ध पेटले. एप्रिलमध्ये इंडोनेशियाने काही आठवडे पाम तेल बाहेर पाठवणे बंद केले. युद्ध हजारो कोस दूर, पण तेलाचे भाव आपल्या गावच्या दुकानात चढले. ज्यांच्या कोठीत करडई होती, त्यांना त्या दिवसांत दुकानदाराचे तोंड बघावे लागले नाही.

होटगी स्टेशनावरून एक रूळ मुंबईकडे जातो, एक मद्रासकडे, आणि एक फाटा विजापूर-गदगकडे. माल येण्याजाण्याची सोय आपल्याला पूर्वीपासून आहे. ती सोय चांगलीच. पण जे आपल्या रानात पिकते, ते कवडीमोलाने बाहेर पाठवून तीच वस्तू, तीही हलकी, दामदुपटीने परत आणणे यात शहाणपण नाही. ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती राहिले धुपाटणे’ अशी आपली गत होऊ नये.

येत्या रब्बीला बांधाच्या कडेने चार ओळी तरी करडई पेरून बघा. थोडक्यात सुरुवात करा. पहिल्या वर्षी दोन महिन्यांचे तेल घरचे निघाले, तरी पुढचे तुमचे तुम्हालाच कळेल.

सांगा पाहू

१. घाण्याचे तेल निघताना जास्त का तापत नाही?

२. बुरशी आलेले शेंगदाणे घाण्याला का नेऊ नयेत?

३. जवसाचे तेल तळणाला का वापरू नये?

४. एक पाकीट १ लिटरचे आहे आणि दुसरे ८०० ग्रॅमचे. दुसऱ्यात किती ग्रॅम तेल कमी आहे?

५. तुमच्या घरात माणसे किती? वर्षाला किती किलो तेल पुरेल आणि त्याला किती करडई लागेल? हिशेब वहीत लिहून आणा.